सैन्यात जाणाऱ्यांची हजामत फुकट

एका फुकट हजामतीमागे तीन रोख दाढ्या, असा माझ्या मालकांचा हिशेब होता. सैन्यात भरती होणारा पोरगा कधी एकटा येत नाही. बरोबर बाप येतो, काका येतो, एखादा मेव्हणा येतो. पोराचं डोकं भादरून होईपर्यंत तेही आपापले गाल पुढे करतात. शिवाय दुकानदार देशभक्त म्हणून नावाजला जातो, ते वेगळंच. म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली: 'सैन्यात जाणाऱ्यांची हजामत फुकट.'

मित्रांनो, ती हजामत जिच्यात बसून होत असे, ती सलूनची खुर्ची मीच. आज माझं चामडं फाटलं आहे आणि एक हात डुगडुगतो, पण आठवण शाबूत आहे.

माझा जन्म सीमेपलीकडच्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाय, गुबगुबीत बैठक, मान टेकायला उशी. मालकांची सासुरवाडी पलीकडचीच. सासरे न्हावी होते. जावयानं दुकान उघडलं तेव्हा त्यांनी मला भेट म्हणून पाठवलं. तेव्हा सीमा म्हणजे एक आडवा बांबू आणि त्याच्याशेजारी जांभया देणारा शिपाई. मालकीणबाई पोराला कडेवर घेऊन त्या बांबूखालून माहेरी जात. शिपाई म्हणे, "वहिनी, डोकं सांभाळा."

माणूस पुढून कसाही दिसो, खुर्चीला तो पाठीकडून कळतो. उधारीवाला टेकून बसत नाही. नवरदेव सारखा हलतो. आणि ज्याला स्वतःला काही करायचं नसतं, तो सर्वांत ऐसपैस बसतो.

दोन देशांच्या मधे एक उघडाबोडका डोंगर आहे. तिथे शेळीसुद्धा नाइलाजानं चरते. एकदा कुणीतरी तिथे खणून पाहिलं आणि पोटात तांबं निघालं. झालं! आठवडाभरात तो डोंगर इकडे मातृभूमीचा मुकुट झाला आणि तिकडेही, आणि दोन्हीकडे लढाईसाठी सैन्यभरती सुरू झाली.

आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं नेमानं येत. एक वर्तमानपत्राचे संपादक, दुसरा ब्लँकेटचा ठोक व्यापारी.

"डोंगर आपलाच आहे. पूर्वजांचा," संपादक फेसाआडून म्हणत. "राष्ट्रहितासाठी रक्त सांडावंच लागतं."

"तुम्ही गेला होतात का हो कधी तिकडे?" मालकांनी सहज विचारलं.

"छे! मला दमा आहे."

"वर थंडी फार असते म्हणतात," ब्लँकेटवाला बाकावरून म्हणाला. पुढे माझ्यात बसला तेव्हा त्याची पाठ इतकी सुखावलेली होती, की मला शिसारी आली. राष्ट्रहित, राष्ट्रहित असं मी रोज ऐकत होते. ते स्वतः कधी माझ्यात येऊन बसलं नाही. त्याच्या नावानं बोलणारेच तेवढे येत.

माझ्या पायावर पलीकडच्या कारखान्याचं नाव ओतलेलं होतं. इतकी वर्षं त्यावर नुसते केस पडत. एक दिवस ब्लँकेटवाल्याची नजर तिथे गेली.

"काय हो, शत्रूच्या मांडीवर बसवता होय आम्हाला?"

सगळे हसले. हसता हसता प्रत्येकजण मालकांकडे बघून घेत होता. दुसऱ्या दिवशी मालक कानस घेऊन माझ्या पायाशी बसले.

"माझ्या वडिलांनी दिलीय ती," मालकीणबाई म्हणाल्या.

"हळू बोल. दुकानात तुझ्या वडिलांचं नाव काढू नकोस."

"मग मलाही घासून टाका एकदाची."

त्यांनी माझं नाव घासलं आणि त्याच संध्याकाळी ती पाटी लावली. शंका घेणारी तोंडं बंद झाली, गल्ला भरू लागला. भरतीच्या छावणीचा एक नियम होता. डोक्यावर ताजी जखम दिसली, की डॉक्टर त्या पोराला घरी पाठवी. मग महिनाभरानं पुढची तुकडी. आमच्याकडे डोकं केलेला एकही पोरगा मात्र असा परत पाठवला गेला नाही. मालकांच्या वस्तऱ्यानं कधी रक्त काढलं नव्हतं, आणि हे ते स्वतःच गावभर सांगत.

मग एका सकाळी मालकांचा पोरगा माझ्यात येऊन बसला. रोज माझ्यामागे उभा राहून कात्री चालवणारा तो.

"ऊठ, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"मीच गिऱ्हाईक आहे, बाबा. नाव नोंदवून आलोय. पाटी वाचा की बाहेरची."

मालकांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"आता आईला कुणी पलीकडची म्हणणार नाही," पोरगा हळूच म्हणाला.

बाकावर संपादक होते, ब्लँकेटवाला होता. "वा! याला म्हणतात घराणं!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी पोराच्या गळ्याभोवती कापड बांधलं. नुसते हात चालत होते.

मालकीणबाई पडद्याआडून पुढे आल्या. नवऱ्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या, "अहो, आज एकदा हात चुकू द्या. एवढंसंच."

वस्तरा कानाच्या वर थांबला. मित्रांनो, एवढंच हवं होतं: नखाएवढा चरा, त्यावर तुरटी, आणि पोरगा महिनाभर घरी.

"काय झालं?" संपादकांनी विचारलं. "आज हात कापतोय की काय?"

"माझा हात?" मालक म्हणाले.

आणि त्यांनी डोकं पुरं केलं. एक ओरखडा नाही. गुळगुळीत. नेहमीच्या सवयीनं मागे आरसा धरून त्यांनी पोराला दाखवलंसुद्धा.

पोरगा डोंगराच्या पायथ्याशीच मारला गेला. वर पोचलाही नाही.

पुढे दोन्ही सरकारं एका टेबलाशी बसली. डोंगर एका कंपनीला भाड्यानं दिला, तांबं निम्मं-निम्मं. हे आधीही करता आलं असतं. "राष्ट्रहित यातच होतं," संपादक त्याच फेसाआडून म्हणाले. थुंकता येत असतं, तर मी थुंकले असते.

त्यानंतर मालकांनी मला मागच्या अंगणात काढून ठेवलं. तिथे मी गंजते आहे. मला तेल घाला, नवं चामडं चढवा, असं मी म्हणणार नाही. देशावर प्रेम करू नका, असंही नाही. तो पोरगाही करत होता. मागणं एवढंच, की कुणी ऐसपैस बसून देशासाठी रक्त मागू लागला, की त्याला विचारा, "काका, तुमच्या घरातून कोण निघालंय?" चारचौघांत विचारा. उत्तर मिळेपर्यंत टाळी वाजवू नका.

आता कुणाच्या पदरात काय पडलं आणि कुणी काय दिलं, ते सांगते. ब्लँकेटवाल्यानं नवं गोदाम बांधलं. संपादकांच्या वर्तमानपत्राची पानं वाढली. सरकारांना तांबं मिळालं. पोरानं जीव दिला. पलीकडून त्याच डोंगरावर चढलेल्या त्याच्या मामेभावानं एक पाय दिला. मालकांनी पोरगा दिला, आणि त्या सकाळपासून बायको त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. मालकीणबाईंनी तर होतं नव्हतं ते सगळं दिलं, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.