हिरुत

सत्यभामा गेली त्या उन्हाळ्यात चौसाळ्यात आठ दिवसांआड टँकर यायचा. आला की घरोघर पिंपं काठोकाठ भरली जायची, आणि त्या साठवलेल्या पाण्यात डास व्हायचे. चंद्रभागाबाईंना हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? लेकीला थंडी वाजून ताप आला. उन्हाचा असेल म्हणून त्यांनी तळपायांना कांदा चोळला. पाचव्या दिवशी बीडला नेलं, तर मलेरिया मेंदूत शिरलेला. नऊ वर्षांची पोर घरी परतली नाही.

तिचा मोठा भाऊ भारत डासांवरच शिकला आणि इथिओपियात गेला. आपल्याकडचा पिंपात वाढणारा डास आता तिकडच्या कोरड्या गावांत पोचला होता. पिंपांना घट्ट झाकणं बसवली, तापकऱ्यांचं रक्त दर आठवड्याला तपासलं, तर मलेरिया किती हटतो याचा तो अभ्यास करत होता. काम तीन वर्षांचं. दोन वर्षांनी परदेशातून येणारा पैसा थांबला आणि भारत घरी आला.

"अजून एक वरीस मिळालं असतं, माय," एवढंच म्हणाला. समोरच्या ताटाला त्यानं हात लावला नाही.

चंद्रभागाबाई गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. त्यांनी बैठकीत विषय काढला, यंदाचा बोनस भारतच्या कामाला देऊ.

गीताबाई उठल्या. सत्यभामेला शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती. "चंद्रभागे, पाऊस न्हाई, कडबा न्हाई. जनावरं छावणीत बांधलीत. आफ्रिकेला कामून द्यावं आमी?"

"तुझं खरं हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या बाजारी त्यांनी आपली दुभती म्हैस विकली. पैसे बघून भारत कळवळला. "ह्यात काय व्हणार, माय?"

"जेवढे दिस व्हईल तेवढं कर."

भारतनं ते पैसे इथिओपियात पाठवले. त्यावर तिकडच्या एका गावात अलमाझ नावाची नर्स दोन महिने घरोघर फिरली. अकरा जणांच्या रक्तात मलेरिया सापडला, त्याच दिवशी औषध मिळालं. अकराही वाचले. तिसऱ्या महिन्यात पैसे संपले आणि तिच्या फेऱ्या बंद पडल्या.

एका दुपारी भारत ओट्यावर फोन हातात धरून बसलेला दिसला.

"तिकडं अलमाझच्या गावात एक पोर गेली," तो म्हणाला. "पाच दिस ताप व्हता. कुणी तपासलाच न्हाई."

"नाव काय तिचं?"

"हिरुत. सहा वर्षांची."

चंद्रभागाबाई त्याच्याशेजारी टेकल्या. "तिच्या मायला फोन लाव."

"तुझी भाषा तिला कळायची न्हाई, माय."

"लाव तू."

अलमाझनं तिकडं फोन त्या बाईच्या हातात दिला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. काय बोलायचं ते चंद्रभागाबाईंनी मनाशी ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. फोन कानाशी धरून त्याही रडत राहिल्या.