ओळीने पाठ

नौसा गावात इंग्रजीचा क्लास चालवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. क्लासचं शब्दांचं पुस्तक माझं स्वतःचं आहे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे ग्रीक अर्थ, शेवटी वाक्प्रचार. अडीच हजार नोंदी, पाठपोट झेरॉक्स काढून तारेत ओवलेल्या, आणि वर ठळक अक्षरांत माझं नाव, इव्हान्थिया त्सिओला. निम्मं गाव या पुस्तकावर पास झालं, हे मी ज्याला त्याला ऐकवत असते. त्या पुस्तकाला एक दिवस माझ्याच टेबलावर कात्री लागली.

लावली पोलिक्सेनीने. वय एक्कावन्न. उन्हाळाभर पीच डबाबंद करणाऱ्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभं राहायचं, आणि मिळालं तर थंडीत इस्पितळाच्या धुलाईखान्यात काही महिन्यांच्या करारावर राबायचं, असं तिचं वर्ष जायचं. आता इस्पितळात अकरा वर्षांनी कायमच्या जागा निघाल्या होत्या. अर्ज पुढच्या सप्टेंबरच्या आत. इंग्रजीचं प्रमाणपत्र जोडलं तर गुण वाढायचे, आणि त्या गुणांशिवाय तिचा नंबर लागणार नव्हता. म्हणजे मे महिन्यातलीच परीक्षा पास व्हायला हवी होती. डिसेंबरच्या परीक्षेचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

चौदा-चौदा वर्षांच्या पोरांत ती येऊन बसली. पोरं आधी फिदीफिदी हसली. पण माझ्या क्लासची पहिली दहा मिनिटं शब्द विचारण्याची असतात, आणि त्यात ही बाई एकदाही चुकली नाही. मी 'रिलक्टंट' म्हणायचा अवकाश, हिचा ग्रीक अर्थ 'अप्रोथिमोस' तयार. महिन्याभरात पोरं तिला काकू म्हणायला लागली आणि उत्तर हळूच सांगा म्हणून तिच्या मागे लागली. मला तर तिचं कोण कौतुक. फार्मसीत, बेकरीत, भेटेल त्याला सांगायचे की पोलिक्सेनी पहिल्या झटक्यात पास होणार.

मार्चमध्ये सराव परीक्षा घेतली. पास व्हायला साठ लागतात. तिला एकतीस पडले.

मला वाटलं पेपरांची अदलाबदल झाली असेल. क्लास सुटल्यावर तिला थांबवलं, पुस्तक उघडलं आणि चाळिसाव्या पानावरचा पहिला शब्द विचारला. आला. दुसरा, तिसरा, सगळे आले. मग सहज मधलाच एक विचारला, तर ती गप्प. ओठ मात्र हलत होते.

"काय पुटपुटताय?" मी विचारलं.

"आले, बाई, आले. वरून येतेय."

वरून म्हणजे पानाच्या वरच्या शब्दापासून. मनातल्या मनात एकेक शब्द उतरत ती माझ्या शब्दापाशी येत होती. हंगामाच्या शेवटी कारखान्यात तिने पानांच्या झेरॉक्स पट्ट्याच्या वर टांगल्या होत्या आणि फळं पुढे सरकायची तसे एकामागून एक शब्द पाठ करायची सवय लावून घेतली होती.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सव्वीस वर्षं मी पानाच्या वर बोट ठेवते आणि खाली सरकवत नेते. मधला शब्द कधी कोणाला विचारलाच नाही. पोरांचं निभावलं, कारण ती दिवसभर इंग्रजी गाणी ऐकतात, खेळ खेळतात. या बाईला इंग्रजी म्हणून फक्त माझं बोट मिळालं होतं. चूक माझी होती, धडधडीत माझी. आणि मी तोंडाने काय बोलले? "या वयात डोकं एवढंच साथ देतं, पोलिक्सेनीताई. डिसेंबरला बघू." आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तिने वाद घातला नाही. "डिसेंबरपर्यंत जागा भरलेल्या असतील," एवढंच म्हणाली आणि कात्री मागितली. बाहीचा दोरा सुटला असेल म्हणून मी दिली. तिने पुस्तकाची तार उलगडली, पहिलं पान काढलं आणि ओळीओळीने कापायला घेतलं.

माझा पारा चढला. "अहो, हे काय चालवलंय? माझी सव्वीस वर्षांची मेहनत आहे ती."

"माझीही सहा महिन्यांची आहे, बाई," ती म्हणाली. "आणि कात्रीला धार लावून घ्या."

पानांच्या पाठीमागचे शब्द फुकट जाऊ नयेत म्हणून तिने दुसरी प्रतही मागितली. मी मुकाट्याने काढून दिली.

अडीच हजार चिठ्ठ्या पीचच्या दोन पेट्यांत भरल्या. हात घालायचा, येईल ती काढायची. पहिल्या आठवड्यात पन्नासातले नऊ आले. वाक्प्रचारांनी तर जीव खाल्ला. महाग वस्तूसाठी इंग्रज हातपाय देतो आणि आपण ग्रीक डोक्याचे केस देतो, हे तिला पटेना. इंग्रजाचं सगळंच महाग, म्हणायची. मी तिला क्लासच्या तासभर आधी बोलवायला लागले आणि निघेल त्या चिठ्ठीवर वाक्य करायला लावायला लागले. वाक्य चुकलं की तीच चिठ्ठी परत पेटीत. चिडायची, रडायची, डोळे पुसून पुन्हा हात घालायची. एप्रिलच्या सराव परीक्षेत चव्वेचाळीस, मेच्या पहिल्या आठवड्यात सत्तावन्न. सत्तावन्नवर ती परीक्षेसाठी थेस्सलोनिकीच्या बसमध्ये चढली. मी सोबत जाते म्हटलं तर नको म्हणाली.

निकाल जुलैत लागला, ऐन हंगामात. मी तशीच कारखान्यात गेले. मुकादमाने डोक्याला टोपी घालायला लावून आत सोडलं. यंत्रांचा नुसता खडखडाट. पोलिक्सेनीने हातमोजे न काढता माझ्या फोनमध्ये डोकावून दोनदा वाचलं. त्रेसष्ट. तिचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात बिया न काढलेली दहा-बारा फळं पुढे निघून गेली. पलीकडची बाई ओरडली, तेव्हा ती भानावर आली.

मार्चपासून गिळून बसले होते ते मी तिथे बोलले. अगदी तिच्या कानाशी जाऊन. "तुमच्या वयाचा दोष नव्हता. मीच सव्वीस वर्षं ओळीने विचारत आले. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी तुमच्यावर ढकललं."

तिने मान वर केली नाही.

"मलाही त्याच दिवशी कळलं होतं, बाई," ती म्हणाली. "पण तुमच्याशी भांडत बसले असते तर मे निघून गेला असता."

मला तिथून हलता येईना. तिने कोपरानेच मला बाजूला सारलं आणि पुढचं फळ उचललं.