तो खड्डा नव्हता

"अहो, अंगठा फिरवून बघा ना! ह्यापेक्षा माझी विळी बरी. ह्याने काकडी तरी चिरेल का?"

"मग मी काय करू, प्रमिला? ईदची सुट्टी आहे. रिंकवरचा धारवाला गावाला गेलाय, मॅच झाल्यावर येणार. मी दातांनी धार लावू?"

"बाबा, इट्स ओके," मागून ईश्वरी म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललं होतं. मी एक जुना आइस हॉकीचा स्केट आहे, म्हणजे तळाला पातं लावलेला बूट. डावा. उजवा माझा भाऊ, तो कधीच बोलत नाही, त्यामुळे त्याचंही मलाच सांगावं लागतं.

आमचा जन्म कॅनडातला. तिकडच्या एका पोराबरोबर दुबईला आलो. दोन वर्षांत त्याचा पाय वाढला आणि त्याच्या आईने सुपरमार्केटच्या बोर्डावर 'विकणे आहे' अशी आमची चिठ्ठी लावली. ती वाचून ईश्वरीच्या बाबांनी, चारुदत्तनी, आम्हाला अल मनखूलला घरी आणलं. बाहेर चाळीस डिग्री, आणि ही अकरा वर्षांची पोरगी बर्फावर खेळणार! आम्ही तिला एक नंबर मोठे होतो. पुढे मोजा कोंबला, आणि यल्ला, चला!

चार टीमांची छोटी लीग होती, बारा वर्षांखालच्या पोरांची. दर शुक्रवारी सकाळी मॅच. तिच्या टीममध्ये मुलगी ती एकटीच. पहिल्या मॅचला ती सतरा वेळा पडली, मी मोजलंय. डिसेंबरपर्यंत उलटी पळायला लागली. कोच ओरडायचा, "नाइस फीट!" म्हणजे आम्हीच की. कौतुक मला आवडतं, खोटं कशाला बोलू? घरी आलं की आई जुन्या साडीच्या तुकड्याने मला कोरडं पुसायची आणि गॅलरीत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवायची. त्या वासाची सवय झाली होती मला.

फक्त गोल नव्हता. अख्ख्या सीझनमध्ये एकही नाही. आणि तेवढ्यात बाबांची ट्रान्सफर आली. पुणे. तिथे कुठला आलाय बर्फाचा रिंक! म्हणजे लीगची शेवटची मॅच ती हिची कायमचीच शेवटची. "वन गोल, बस," लेस बांधताना ती मला सांगायची. कानात सांगितल्यासारखं.

आणि आदल्या शुक्रवारी बाबा गाडीचा हॉर्न वाजवतायत म्हणून हीच पोरगी पात्याला कव्हर न घालता पार्किंगमधून पळत सुटली. डांबरावर! माझी धार खलास.

"खाली कमरुद्दीनभाई आहेत की!" बाबांना एकदम सुचलं.

कमरुद्दीनभाई रत्नागिरीचे. बिल्डिंगखाली त्यांचं मटणाचं दुकान. बकरी ईदच्या सुऱ्यांना त्यांनी नुकतीच धार लावली होती. माणूस सोन्यासारखा. त्यांनी मला उलटं केलं, चष्मा कपाळावर ढकलला.

"चारुभाऊ, ह्याला मधे खड्डा पडलाय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बघा. कुणी वापरलाय हो असा?"

अहो, तो खड्डा नाही! माझ्या पात्याला दोन धारा असतात आणि मधे बारीक पन्हळ. त्या दोन धारा बर्फाला चावतात, म्हणून वळता येतं, थांबता येतं. जीव तोडून ओरडलो मी. पण बुटाचं कोण ऐकतं?

"खड्डा काढतो, सुऱ्यासारखी धार देतो. पोरगी गोल मारणार, इन्शाल्ला!"

ठिणग्या उडाल्या. दोन्ही बाजूंनी घासून त्यांनी माझी एकच धार केली. भावाचीही. मग कागद चिरून दाखवला. बाबा खूश.

शुक्रवारी कमरुद्दीनभाई जाकीट चढवून मॅचला आले. "माझी धार बघायला," म्हणे. ईश्वरी सुरुवातीपासून घसरत होती, पण कोच बाहेर बसवेल म्हणून गप्प. स्कोअर दोन-दोन. शेवटचं मिनिट. ती काळी रबरी चकती, तिला पक म्हणतात, ईश्वरीच्या काठीशी आली. समोर फक्त गोलकीपर. वळायला तिने सगळा भार माझ्यावर टाकला.

मी धरायला गेलो. धरायला माझ्याकडे काही नव्हतंच.

ती कमरेवर आपटली, घरंगळत रिंकच्या कडेच्या फळ्यांपर्यंत गेली. पक दुसऱ्यांनी नेला.

कोचने मला उलटं केलं. "हू डिड धिस?"

काचेपलीकडे कमरुद्दीनभाई हात हलवत होते. ईश्वरीने त्यांच्याकडे बघितलं, मग खाली. "आय डिड. आय रॅन इन द पार्किंग लॉट."

अर्धं खरं, अर्धं खोटं.

गाडीत कमरुद्दीनभाईंनी विचारलं, "धार बरी होती ना गो?"

"बेस्ट, अंकल." मी तिच्या मांडीवर होतो. तिने माझं पातं टॉवेलखाली लपवलं.

धारवाला सुट्टीवरून आल्यावर ती आम्हाला गुपचूप त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने कपाळाला हात लावला. तासभर बसून पन्हळ परत पाडली. पातं पार बारकं झालं, पण मी चावायला लागलो! "अब और मत घिसना," तो म्हणाला, "पत्ती ही नहीं बचेगी."

उद्या शुक्रवार. रात्रीचं विमान आहे, म्हणून कोचने सकाळी तिच्यासाठी निरोपाची मॅच ठेवलीय. घरात सगळीकडे खोके. ईश्वरी मैत्रिणींना भेटायला गेलीय.

आत्ताच बेल वाजली. दारात कमरुद्दीनभाई.

"वहिनी, उद्या मॅच ना पोरीची? चारुभाऊ बोलले. आणा ते बूट, जायच्या आधी हातासरशी धार लावून देतो."

"अय्या, किती करता हो तुम्ही! आपलं म्हणून कोण करतं इथे एवढं?" आई डोळे पुसत मला शोधतेय.

तिला माहीत नाही. बाबांना माहीत नाही. ह्या भल्या माणसाला तर नाहीच नाही. मित्रांनो, माझं ऐका. कुठे खड्डा दिसला, तर बुजवायच्या आधी तो खड्डाच आहे का विचारा. आणि कुणाचं मन मोडेल म्हणून गप्प बसू नका. तुम्हाला तोंड आहे. मला तेवढंच नाही...

कमरुद्दीनभाईंनी आमच्या लेसची गाठ मारली. आम्ही त्यांच्या खांद्यावर.

"यल्ला वहिनी, दहा मिनिटांत आणतो."

लिफ्ट आली. जावं लागतंय मला.