बुधवारची घंटी

…ठिपका पुन्हा नारिंगी. मघाशी निळा झाला होता, दाराबाहेरच्या घंटीच्या इवल्याशा काचेखाली मिनिटभर टिकलाही होता, आणि राजकुमारीला हायसं वाटतंय तोच लुकलुकायला लागला. मेलं हे यंत्र! चांगली खणखणणारी बेल काढून ओमेश्वरने दिवाळीत ही कॅमेऱ्याची बसवली – दारात कोण आलंय ते आईला मोबाइलवर दिसेल म्हणून. घंटी वाजायची तीही मोबाइलमध्येच. नेट गेलं की बाहेरच्याला टुणटुण ऐकू येते आणि घरात शुकशुकाट.

"वायफायचा डब्बा बंद करून चालू केला का?" पुण्याहून ओमेश्वर फोनवर विचारत होता.

"तीनदा केला ना बापा."

"मंग डब्ब्यासमोर काही नवीन ठेवलं का?"

ठेवलं होतं. मंगळवारी. नव्या तांदळाची पत्र्याची कोठी, छातीएवढी उंच, गच्च भरलेली. नवरा चैनलाल नको म्हणत असताना तिनेच ती समोरच्या खोलीत ठेवायला लावली होती, कारण सासूच्या वेळेपासून नवा तांदूळ तिथेच राहतो, आल्यागेल्याला दिसला पाहिजे… आणि भरलेली कोठी होळीपर्यंत हलवायची नाही.

म्हणजे बुधवारी घंटी मुकीच होती.

"बुधवारी चेतना आली होती जी," सकाळीच शेजारच्या सुमित्राबाईंनी सांगितलं होतं. "दहा मिनिटं बेल दाबून राहिली होती. काऊन नाही उघडलं तुम्ही?"

चेतना. दोन वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न करून गेलेली लेक – या दारात पाय ठेवू नको, असं चैनलाल म्हणाला तेव्हा राजकुमारी भिंतीकडे बघत गप्प राहिली होती. आणि ती पोर आपण होऊन आली, स्कूटी लावली, तोंडाचा स्कार्फ सोडला असेल, त्या काचेत बघून हसलीही असेल कदाचित… कडी वाजवली नाही तिने. कशाला वाजवेल? आई आपल्याला बघते आहे आणि उठत नाही, असंच वाटलं असणार! आणि आई आत लाखोळीची डाळ निवडत बसलेली.

कोठी जागची हलेना. शेवटी तिने डब्बाच उचलून कोठीच्या झाकणावर ठेवला, आणि घंटी सुरू झाली. इतकं सोपं होतं.

आता फोन करायचा. घंटी बंद होती गं, मला कळलंच नाही – खरं तेच सांगायचं. चेतनाचं नाव समोर होतं, अंगठा टेकवायचा अवकाश… पण बुधवारी घंटी चालू असती तर? चैनलाल आतल्या खाटेवर झोपलेला, हातातल्या मोबाइलवर पोरीचा चेहरा – उठले असते मी?

हो, असं उत्तर मनातून लगेच यायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. घंटी बंद होती, हे वाक्य ओठांवर तयार होतं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली.