खिंडीच्या अलीकडे

नवरा-बायकोचा अबोला जमिनीवर असेल तर घर चालतं. एक शब्द न बोलता ताट वाढता येतं, टॉवेल हातात देता येतो, दिवा मालवता येतो. पण नवरा हँग ग्लायडरला लटकून आकाशात आणि बायको वायरलेस घेऊन गाडीतून त्याच्या मागे, अशी वेळ आली की अबोल्याची मोठी पंचाईत होते. तरी तिने तो आठ दिवस निभावला होता. आज नववा.

तो लिफ्टचा मिस्त्री. सहा दिवस लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त करायची आणि सातव्या दिवशी यंत्राशिवाय आपणच वर जायचं, हे त्याचं वेड. ती शाळांचे गणवेश शिवून द्यायची; पुढच्या खोलीत तीन मशिनं होती. पंखाचं कापड उसवलं, लटकायच्या झोळीची चेन बिघडली की काम तिच्याकडेच यायचं. घरचा शिंपी आणि तोही फुकटचा, असं तो उडणाऱ्यांच्या क्लबात मिरवायचा.

शेवटी झोळीनेच त्याचं बिंग फोडलं. चेन बदलताना आतल्या खिशात तिला चार घड्या घातलेला कागद सापडला. हृदयाच्या तपासणीचा. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, रक्तवाहिन्या अरुंद, हँग ग्लायडिंग पूर्ण बंद. तपासणीच्या दिवशी हा गृहस्थ घरी येऊन "रिपोर्ट एकदम ठणठणीत" म्हणाला होता आणि दोन घास जास्तच जेवला होता. आणि कागद लपवायला जागा कुठली शोधली, तर जी झोळी फक्त बायकोच्या हाताखालून जाते ती. अशा माणसाला काय म्हणायचं?

तिने कागद होता तसा ठेवला, चेन शिवली आणि बोलणं बंद केलं. आपण विषय काढला तर काय होईल, हे तिला पाठ होतं. तो कान पकडेल, पंख माळ्यावर टाकेल आणि मग उरलेला जन्म आपल्याकडे असा बघेल की जणू ते दुखणं आपणच शिवून त्याच्या अंगात घातलंय. खोटं तो बोलला, तर खरंही त्यानेच बोलावं. आज बोलेल, उद्या बोलेल, करता करता रविवार उजाडला. त्या बिचाऱ्याला वाटत होतं की अबोला गळक्या नळावरून आहे. गुरुवारी त्याने नळ दुरुस्त केला. शुक्रवारी दुसराही केला, जो गळतच नव्हता.

टेकडीवरून उडण्याआधी पंखाच्या नाकाजवळच्या तारा कुणीतरी धरायच्या असतात. उडणारा झोळीत आडवा होऊन, आपण नीट अडकलोय ना, हे लटकून बघतो. बावीस वर्षं त्या तारा तिच्याच हातात असायच्या. आजही होत्या. त्या सोडल्या नसत्या तर तो गेलाच नसता, इतकं ते सोपं होतं. लटकल्या लटकल्या त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले. आता सांगतोय, असं तिला वाटलं.

"नळ आता गळत नाही ना?" त्याने विचारलं.

तो उठून उभा राहताच संतापाने तिने तारा सोडल्या. चार पावलं धावून तो दरीवर तरंगला.

खाली येऊन तिने गाडी सुरू केली. वायरलेस बोलू लागला. "बोलायचं नसेल तर नको बोलूस. बटण दाब. एक खट् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ऐकू येतंय?"

खट्.

"तेवढं तरी आहे," तो म्हणाला.

खडीच्या खाणीवर त्याला पहिली थर्मल लागली. तापलेल्या जमिनीवरून हवा वर सुटते, तिला ही मंडळी थर्मल म्हणतात. ती दिसत नाही. तिच्यात शिरून घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती खर्चत पुढच्या थर्मलपर्यंत सरकायचं. चार घारी फिरत होत्या, त्यांच्यात हा पाचवा जाऊन मिसळला. त्याला जायचं होतं डोंगररांगेतल्या खिंडीपलीकडे, साठ किलोमीटरवर. सात वेळा तो खिंडीच्या तोंडाशी पोहोचला होता आणि दर वेळी उंची कमी पडून परतला होता. आज ढग उंच होते. आजच्यासारखा दिवस पाच वर्षांत आला नव्हता, हे तिलाही कळत होतं. बावीस वर्षं ढगांचे तळ बघून तिची मान आखडली होती.

चाळिसाव्या किलोमीटरला गोदामांच्या वस्तीवर तो अगदी खाली आला. इतका, की तिला पंखावरचं आपलं ठिगळ दिसलं. गाडी थांबवून ती बाहेर येऊन उभी राहिली. उतरेल आता, तिने मनात म्हटलं, आपोआप उतरेल, मला काही बोलावं लागणार नाही. पण पत्र्यांवरून गरम हवा सुटली आणि तो तिच्यात शिरला. हवा कमजोर होती, सारखी हातातून निसटत होती. वीस मिनिटं तो अंग टाकून पंख वळवत राहिला. त्याचं बोट बटणावरच राहिलं असावं, कारण त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. जिना चढून आलेल्या माणसासारखा. तिने दोन्ही हातांनी वायरलेस कानाशी धरला आणि प्रत्येक श्वास मोजला.

मग तो वर गेला. खूप वर. डोळ्यांवर हात धरूनही तो नखाएवढाच दिसत होता.

"खिंड समोर आहे," वायरलेस म्हणाला. "उंची आहे. पहिल्यांदाच आहे." खरखरीतून पुन्हा आवाज आला. "ऐक. पलीकडे बारा किलोमीटर उतरायला जागा नाही, नुसतं जंगल. तुझा रस्ताही डोंगराला वळसा घालून जातो, तासभर तरी बोलणं होणार नाही. म्हणून आत्ताच सांगतो. डॉक्टरांनी मला उडायला बंदी केलीय. मी तुझ्याशी खोटं बोललो."

सगळा क्लब त्याच वाहिनीवर होता. कुणी तरी खाकरलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. नऊ दिवसांनी तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"कधीपासून?"

"चेन शिवली तेव्हापासून."

"म्हणजे नळाचं..." तो थांबला. "बरं. आता तूच सांग. ओलांडू का?"

क्लबाचा एक दंडक होता. वर डोकं हावरं होतं, म्हणून खालून पाठलाग करणाऱ्या गाडीवाल्याने "उतर" म्हटलं की उतरायचं. भांडण खाली आल्यावर. उडणाऱ्याला एकच मुभा होती, एकदाच "नक्की?" म्हणून विचारायची. सगळेच विचारायचे, आणि गाडीवाले निम्म्या वेळा विरघळायचे. तिने "उतर" हा शब्द बावीस वर्षांत एकदाही वापरला नव्हता.

"उतरा," ती म्हणाली.

आता तो "नक्की?" म्हणेल, मग आपण डॉक्टरांचं नाव काढू, आपल्या लेकीचं नाव काढू, रडूही, अशी तिने मनाची तयारी केली. बटणावर बोट ठेवून ती थांबली. वायरलेस गप्प होता. वर तो नखाएवढा ठिपका वळला आणि खिंडीकडे पाठ करून खाली येऊ लागला.

तेव्हा तिने बटणावरचं बोट काढलं. ज्या माणसाने आयुष्यात तिचं एक वाक्य धड पूर्ण होऊ दिलं नव्हतं, तो एका शब्दावर परत फिरला होता.

तो कापणी झालेल्या शेतात उतरला होता. ती पोहोचली तेव्हा तो पंख आवरायचा सोडून त्याच्याच सावलीत बसला होता, शिरस्त्राण मांडीवर, चेहरा राखेसारखा.

"दुखतंय?"

"नाही. दमलोय."

"खरं बोला."

"खरंच दमलोय. पण उद्या जाऊ डॉक्टरांकडे. आजच जाऊ हवं तर."

ती शेजारी बसली. पंखाकडे बघत म्हणाली, "नक्की म्हणून विचारलं नाहीत."

"विचारलं असतं आणि तू विरघळली असतीस तर?" तो ढेकळं बघत म्हणाला. "मग मला जावं लागलं असतं. आणि मला जायचं नव्हतं गं. रिपोर्ट आल्यापासून तीन आठवडे जायचं नव्हतं."

तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. आतली धडधड तिच्या तळव्याला लागली. रात्री पाठ फिरवून तो जागा असायचा, हे तिला माहीत होतं. आपल्यावर रागावून जागा असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. तीही जागीच असायची. एकाच पलंगावर दोघं आपापलं भ्यायले होते.

"मला उठवायचं तरी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.