दक्षिणमुखी घरं

सुटीवरून परत आलेल्या माणसाने चार घरं जेवायला बोलवायची आणि टीव्हीवर फोटो दाखवून त्यांना छळायचं, अशी सिंगापूरच्या मराठी मंडळींत रीतच पडून गेली आहे. जेवण बरं असेल तर लोक सहनही करतात. प्रबोधच्या घरी मात्र सहन करावं लागत नसे. हा गृहस्थ गोष्ट अशी रंगवायचा की ताटातला भात निवून जायचा आणि कुणाला भान राहायचं नाही.

जूनमध्ये तो आणि त्याची बायको मधुवंती फ्रान्सला जाऊन आले होते. राहायची सोय असलेलं मोटरहोम भाड्याने घेतलं, तिथल्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याने गावंच्या गावं पालथी घातली आणि वाटेत विकाऊ घरं पाहिली. गणपती होऊन गेल्यावर सेरंगून भागातल्या त्यांच्या भाड्याच्या कॉन्डो फ्लॅटमध्ये मंडळी जमली आणि प्रबोधने लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"आता गंमत ऐका. तिथे समुद्र उत्तरेला. सगळ्यांना समुद्र हवा मागच्या खिडकीतून. म्हणजे रस्ता कुठे? दक्षिणेला. दार कुठे?"

"दक्षिणेला!" मंडळी ओरडली.

"मी आपला दारात उभा राहून फोनमधलं होकायंत्र काढायचो. दक्षिणमुखी! रद्द! एजंटला वाटलं, मी सिग्नल शोधतोय. बिचारा मला गच्चीवर घेऊन गेला."

हशा पिकला. मधुवंती स्वयंपाकघराच्या दाराशी पुऱ्यांची परात घेऊन उभी होती. तीही हसली. हसायची सवय होती तिला.

जहाजावर इंजिनिअर असताना प्रबोधचं जहाज ब्रिटनीतल्या ब्रेस्ट बंदरात दुरुस्तीला लागलं होतं. तेव्हापासून तो म्हणत आला होता की म्हातारपणी तिथेच राहू. जहाजावरची नोकरी सुटली, सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर रिफायनरीतली नोकरी लागली, आणि मधुवंतीचा संसार भाड्याच्या फ्लॅटांमधून फिरत राहिला. इथे भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकिणीला विचारावं लागे. भाडेकरारात तर साफ लिहिलेलं होतं की जास्त तळण-फोडणी चालणार नाही. एवढी वर्षं ही बाई खिडक्या उघड्या टाकून, पंखा लावून, चोरासारखी पुऱ्या तळत होती. डिसेंबरमध्ये नोकरीचा करार संपणार होता. मग आपलं घर, हे दोघांचं ठरलेलं होतं. निदान तिची तशी समजूत होती.

वास्तुशास्त्राला आयुष्यभर हसणारा नवरा तिकडे एकाएकी होकायंत्र काढू लागला, तेव्हा ती चकित झाली होती. आत्ता राहत होते त्या कॉन्डोचं दारही दक्षिणेलाच होतं. पण तिने स्वतःच स्वतःची समजूत घातली, की भाड्याचं निराळं. स्वतःचं घर घेताना माणूस देवभोळा होतोच. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की कारणं काही कमी पडत नाहीत.

आणि एक घर मिळालंही होतं. दगडी, बुटकं, मागे अंजिराचं झाड आणि दार अगदी पूर्वेला. मालकीण एकटी म्हातारी. तिने मधुवंतीला हात धरून सगळं घर दाखवलं, ओट्यापाशी उभं केलं, खिडकीतून ओहोटी दाखवली. प्रबोधचं होकायंत्र तिथे गप्प बसलं. "विचार करून कळवतो," असं तो म्हणाला. पॅरिसचं एक जोडपं घर मागत होतं, त्यांना म्हातारीने परत पाठवलं. तुमच्यासाठी थांबते, म्हणाली. मधुवंती परतल्यावर दर शनिवारी फ्रेंचच्या क्लासला जाऊ लागली होती.

"मग घेताय की नाही घर?" एका पाहुण्याने विचारलं.

उत्तर विश्वासने दिलं. तो प्रबोधबरोबर एकाच कंपनीच्या बसने जायचा. "आता कुठलं घर? याने मे महिन्यातच तीन वर्षांचं एक्स्टेन्शन घेतलंय. अख्ख्या बसला पेढे वाटले पठ्ठ्याने!"

मधुवंतीने परात टेबलावर ठेवली. विश्वासच्या बायकोने, गिरिजाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिलाही माहीत होतं. बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्या बायकांना माहीत होतं.

श्रीखंड आणायच्या निमित्ताने प्रबोध तिच्यामागे स्वयंपाकघरात आला.

"मेमध्ये सही केलीत?"

"अगं, त्यांना लगेच उत्तर हवं होतं."

"आणि जूनमध्ये मला घरं दाखवत फिरलात?"

"तुला हौस होती. म्हटलं, बघू दे. किती खूश होतीस तू तिथे! सांगणारच होतो."

"ती हौस नव्हती हो. मला घर हवं होतं."

"इथे काय वाईट चाललंय? तीन वर्षांनी बघू परत. पोर्तुगाललाही चांगली घरं असतात म्हणे."

"त्या मादाम थांबल्यात माझ्यासाठी."

"त्यांना मिळेल की दुसरं कुणी. ई-मेल टाकून दे." त्याने श्रीखंडाचं भांडं उचललं. "चल, सगळे वाट बघतायत."

तो गेला आणि बाहेर लगेच पुढचा फोटो सुरू झाला. मधुवंतीला संताप आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. परक्या लोकांनी घरं झाडून ठेवली, कॉफी केली, कपाटं उघडून दाखवली, आणि या माणसाने त्यांच्या दारात उभं राहून नाटक केलं. त्या नाटकात आपण मात्र खरोखरच पडद्यांची मापं घेत होतो.

तिने ई-मेल टाकला नाही. तिकडे दुपार असणार, म्हणून फोनच लावला.

"मादाम, आम्ही घर घेत नाही," ती फ्रेंचमध्ये म्हणाली.

"का गं?" म्हातारीने काळजीने विचारलं.

भाजी मागणं, नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावणं, शेजारणीची चौकशी करणं, सगळं ती क्लासमध्ये शिकली होती. नवऱ्याने फसवलं, हे सांगण्याइतकी फ्रेंच तिला येत नव्हती. ते तिने आजवर मराठीतही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामानाने दुसरं वाक्य सोपं होतं. कुंकू लावलेल्या बाईच्या तोंडून ते कसं निघालं, याचं तिलाच नवल वाटलं.

"माझे पती वारले, मादाम."

 पलीकडे म्हातारी रडू लागली. हॉलमध्ये पुन्हा हशा उसळला. प्रबोध एजंटची नक्कल करत होता.

"किती हसरे होते!" म्हातारी सावकाश, तिला समजेल अशा बेताने म्हणाली. "फार त्रास झाला का त्यांना?"

"नाही," मधुवंती म्हणाली. "त्यांना काही कळलंसुद्धा नाही."