ईश्वरीच्या भांगातली वाट

“केस ओले कर, तेल लाव आणि मानेपासून वर ये. कानामागं आधी बघ.” आपल्या आईचं हे सांगणं कुमुदआत्याच्या कानात अजून तसंच होतं. म्हणून ती मानेपासूनच निघाली. पण भाचीचा, ईश्वरीचा, भांग त्या दुपारी इतका लांबला होता की फणी काखेत धरून त्यातून चालतच जावं लागलं.

दोन्ही बाजूंना केस उसासारखे उभे होते. बुडाशी लिखा चिकटलेल्या. कोंडा असता तर झटकून पडला असता; या हलत नव्हत्या.

“आत्या, कुठवर आलीस?” वरून ईश्वरीनं विचारलं.

“कानामागं. हलू नको, पडेन मी.”

“आई कात्री घेऊन बसलीय. पाचपर्यंत साफ झालं नाही तर सगळे केस कापणार म्हणते.”

“वन्सं, त्या मधुराच्याच उवा या!” वहिनी बाहेरून ओरडली. “एका बाकावर बसतात ना!”

पहिली ऊ आत्यालाच सापडली होती, सोमवारी. उपवासाच्या दिवशी जीव कसा घ्यायचा, म्हणून तिनं ती सोडली. मंगळवारी अंगारकी आली, गुरुवारी दत्ताचा नेम, शनिवारी मारुतीचा. मधल्या वारीही काही ना काही निघायचंच; महिनाभर मोकळा वार मिळालाच नाही.

आता ती सोमवारची ऊ शेळीएवढी होऊन, पोरंबाळं घेऊन वाटेत उभी होती.

“या आत्या,” ती म्हणाली. “आज काय आहे?”

“एकादशी,” आत्या म्हणाली. तिनं हात जोडले आणि फणी आडवी धरली. एसटीत चढावं तशा त्या सगळ्या एकेक करून दातांत चढल्या. आत्यानं त्या गरम पाण्यात सोडल्या.

कपाळाशी वाट संपायला हवी होती. ती संपली नाही. दोघी पोरी एका पुस्तकावर डोक्याला डोकं टेकवून वाचत, तिथून ती पलीकडच्या डोक्यात गेली होती. धुळीत सहा-सहा पायांचे ठसे होते. सगळे इकडून तिकडं गेलेले. परत आलेला एकही नाही.

“कोण आहे?” पलीकडून आवाज आला.

“ईश्वरीची आत्या. तू मधुरा ना?”

“हो. आमच्याकडं डोकं बघायला कुणी नाही. बाबा उद्या चकोट करणार आहेत.”

“करू देऊ नको. आजच येते मी.”

“नक्की?”

“नक्की गं बाई.”

आत्या मागं फिरून बाहेर आली. वहिनीनं उजेडात केस पारखले आणि कात्री फळीवर ठेवली. “आठ दिवसांनी पुन्हा बघायला हवं,” आत्या म्हणाली, “राहिलेल्या लिखा फुटतात. आणि वहिनी, उवा मधुराच्या नव्हेत. आपल्याच. माझ्यामुळं वाढल्या. तिचंही डोकं मीच बघून येते.”

“तुमचे नेम म्हणजे!” वहिनी हसली, पण तेलाची बाटली तिनंच भरून दिली. “तिला वेगळी फणी न्या हं.”

आत्यानं कोरी फणी पदरात बांधली. ईश्वरीनं न सांगता मान खाली घातली, कपाळावरचे केस दोन्ही हातांनी बाजूला धरले, आणि आत्या आत शिरून पलीकडं चालू लागली.